आजीचा तिसरा कागद

माझी आजी निरक्षर होती, पण हिशेबाला पक्की. दुधाचा, वाण्याचा, भिशीचा सगळा हिशेब तिच्या डोक्यात असायचा आणि तो कधी चुकायचा नाही. म्हणूनच तिच्या एका गोष्टीचा मला लहानपणी भारी वैताग यायचा. ती सांगायची, "सत्तावन साली म्या तीन मतं दिली. एक हितलं, दोन दिल्लीची. दिल्लीतलं एक कोयत्याच्या पेटीत आन् एक हत्तीच्या."

शाळेत नागरिकशास्त्रात 'एक व्यक्ती, एक मत' मी घोकून पाठ केलं होतं. एकदा वर्गात आजीची ही गोष्ट सांगितली. बाई म्हणाल्या, "मग तुझ्या आजीने बोगस मतदान केलं असणार." सगळा वर्ग हसला. घरी येऊन मी आजीशी कडाकडा भांडले. ती तांदूळ निवडत होती, वर बघितलंसुद्धा नाही. "तुज्या बाई व्हत्या का तितं?" एवढंच म्हणाली.

पुढे मी स्वतः महापालिकेच्या शाळेत इतिहास शिकवायला लागले. त्याआधी, एमएच्या वर्षात, ग्रंथालयात १९५७ च्या निवडणुकीचे आकडे बघत बसले होते, दुसऱ्याच कुठल्यातरी कामासाठी. 'मुंबई शहर मध्य' या लोकसभा मतदारसंघापुढे विजयी उमेदवारांची नावं दोन होती. श्रीपाद अमृत डांगे, कम्युनिस्ट पक्ष. आणि गोपाळ काळुजी माने, शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन, म्हणजे बाबासाहेब आंबेडकरांचा पक्ष. एका मतदारसंघाला दोन खासदार! एकाचं चिन्ह विळा-कणीस, दुसऱ्याचं हत्ती. ग्रंथालयात बसल्या जागी माझे कान गरम झाले.

तर पद्धत अशी होती. १९५२ आणि १९५७ च्या निवडणुकांत काही मतदारसंघ द्विसदस्य असत. त्यातली एक जागा राखीव, एक सर्वसाधारण. प्रत्येक मतदाराला दोन मतं, म्हणजे दोन कागद. त्या कागदांवर शिक्का मारायचा नसे. आडोशाला प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी, पेटीवर त्याचं चिन्ह, आणि कागद हव्या त्या पेटीत टाकायचा. अट एकच, दोन्ही कागद एकाच पेटीत टाकायचे नाहीत. टाकले तर एक बाद. विधानसभेचं मतदान त्याच वेळी, त्याचा कागद निराळा. दोन आणि एक, तीन. आजीचा हिशेब चुकलाच नव्हता.

दर वर्षी १ मे आला की संयुक्त महाराष्ट्राच्या आठवणी निघतात. हुतात्मा चौकात पुष्पचक्रं, टीव्हीवर शाहिरी, भाषणांत अस्मिता. मी शिकवत होते तेव्हा पाठ्यपुस्तकातही साधारण हाच सूर असायचा. संयुक्त महाराष्ट्र समिती ही निवडणूक लढवणारी, जागावाटपावरून कचाकचा भांडणारी आणि मुख्यतः डाव्या पक्षांची आघाडी होती, ही गोष्ट त्या सगळ्यात कुठेतरी बुडून जाते. प्रजासमाजवादी, कम्युनिस्ट, शेतकरी कामगार पक्ष (शेकाप) आणि शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन हे तिचे चार खांब. बाकी छोटे गट होते. जनसंघ आणि हिंदुमहासभाही मांडवात होत्या, हे आज सांगितलं की तरुण पोरं माझ्याकडे संशयाने बघतात. पण पहा, १९५७ च्या लोकसभेत जनसंघाचे देशभरातून जे चार जण गेले त्यातले दोन आपल्याकडचे होते. रत्नागिरीचे प्रेमजीभाई आशर आणि धुळ्याचे उत्तमराव पाटील. हे झालं बाजूचं. मला सांगायचंय ते चार खांबांबद्दल, आणि त्यातही त्या तिसऱ्या कागदाबद्दल.

आमचे आबा, म्हणजे आजोबा, पाटणकडचे. कोयनेच्या खोऱ्यातून पोटासाठी मुंबईला आले आणि गिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागावर, लागले. साचेखात्यात पगार बरा. पण त्या खात्यात दलित कामगारांना घेत नसत. कारण ऐकलं तर आज हसावं की रडावं कळत नाही. धोट्यात नवी बॉबिन घातली की धाग्याचं टोक धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढून काढावं लागे. एकाने तोंड लावलेला धोटा दुसरा तोंडाला लावणार. सवर्ण कामगारांना ते चालत नव्हतं. मग दलितांनी सूतकताईच्या रिंगखात्यात जायचं, जिथे मजुरी कमी. १९२८ च्या मोठ्या संपाच्या वेळी डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न लाल बावट्याच्या, म्हणजे कम्युनिस्ट युनियनच्या, पुढाऱ्यांसमोर ठेवला होता. मागण्यांच्या यादीत तो घेतला गेला, पण नाखुशीने. आबा तीसएक वर्षं लाल बावट्याचे. संपात लाठ्या खाल्लेले, पगार कापून घेतलेले. पण या धोट्याच्या गोष्टीवर ते कधी बोलले नाहीत. ती मला नंतर वाचून कळली.

१९५२ ची निवडणूक आली. उत्तर मुंबईच्या द्विसदस्य मतदारसंघातून राखीव जागेवर बाबासाहेब उभे होते, समाजवाद्यांशी युती करून. अशोक मेहता सर्वसाधारण जागेवर. त्याच मतदारसंघात डांगे. गिरणगावात एक शब्द त्या काळी रुळला, मत कुजवणे. म्हणजे दुसरा कागद बाबासाहेबांच्या पेटीत पडू द्यायचा नाही, दोन्ही आपल्याच पेटीत टाकून एक वाया घालवायचा. काँग्रेसच्या नारायण काजरोळकरांकडून बाबासाहेब १४,५६१ मतांनी हरले. त्यांनी आणि मेहतांनी निकालाविरुद्ध अर्ज केला, त्यात वाया गेलेल्या मतांचा आकडा ७४,३३३ दिला होता. अर्ज फेटाळला गेला, पण आकडा राहिला. फरक चौदा हजारांचा आणि कुजलेली मतं चौऱ्याहत्तर हजार. सगळीच कम्युनिस्टांनी कुजवली असं नव्हे. न समजून दोन्ही कागद एकाच पेटीत टाकणारेही पुष्कळ असणार. पण त्यात दोन कागद आमच्या खोलीतले होते, एक आबांचा आणि एक आजीचा, हे मला आजीने सांगितलंय. "ह्येंनी सांगितलं, दोनी कोयत्यात टाक. टाकले."

देशाची घटना लिहिणारा माणूस लोकसभेत बसू नये म्हणून घटनेनेच दिलेला कागद वाया घालवायचा! मी डाव्या घरात वाढले, आजही मनाने तिकडचीच आहे. म्हणूनच हे गिळत नाही.

आता चारच वर्षांनी ही माणसं एका मांडवात कशी आली?

ऑक्टोबर १९५५ मध्ये राज्य पुनर्रचना आयोगाचा अहवाल बाहेर आला. इतरांना भाषेप्रमाणे राज्यं, आणि मराठी-गुजरातीला मिळून एक द्विभाषिक, विदर्भ वेगळा. मग दिल्लीत निरनिराळे तोडगे निघाले, त्यातल्या एकात मुंबई केंद्राच्या ताब्यात जाणार होती. २१ नोव्हेंबरला फ्लोरा फाउंटनला मोर्चावर गोळीबार झाला, १५ माणसं गेली. जानेवारी १९५६ मध्ये नेहरूंनी केंद्रशासित मुंबईची घोषणा केली आणि शहर पेटलं. गोळीबार दिवसामागून दिवस. हुतात्म्यांचा एकूण आकडा १०५ म्हणून लोकांच्या तोंडी बसला, पुढे आणखी नावांची भर पडली. आमच्या चाळीच्या गॅलरीत तेव्हा गाद्या उभ्या करून ठेवल्या होत्या, गोळी आत येऊ नये म्हणून. कापसाच्या गादीने गोळी अडते का, हा प्रश्न तेव्हा कुणाला सुचला नाही. कापसावर सगळ्यांचं पोट होतं, त्याच्यावर विश्वासही असेल.

६ फेब्रुवारी १९५६ ला पुण्यात टिळक स्मारक मंदिरात समिती स्थापन झाली. त्याआधी संयुक्त महाराष्ट्र परिषद होती, शंकरराव देवांची. अर्ज, ठराव, वाटाघाटी हा तिचा पिंड. रस्त्यावर रक्त सांडल्यावर ते पुरेनासं झालं. समितीचे सरचिटणीस झाले एस. एम. जोशी. माझ्या मते सगळ्या गोष्टीतली सगळ्यात शहाणी नेमणूक ही. डांगे हुशार, अत्रे तोफखाना, पण या सगळ्यांना एका खोलीत चार तास बसवायचं तर ज्याच्यावर कुणी खोटेपणाचा आरोप करू शकत नाही असा माणूस लागतो. एसेम तसे होते.

आमच्या समोरच्या खोलीत एक मास्तर राहत. समाजवादी, सेवा दलातले, खादीचा सदरा आणि घरी शिवलेली पिशवी. आबा आणि मास्तर यांच्यात त्याआधी आठ वर्षं तरी फक्त कामापुरतं बोलणं. एक म्हणे तुम्ही रशियाचे हस्तक, दुसरा म्हणे तुम्ही मालकांची बी टीम. समिती झाली आणि मास्तर आमच्याकडे चहाला यायला लागले. आजी सांगायची, पहिल्या दिवशी दोघं कप संपेपर्यंत गप्प बसले. मग मास्तर म्हणाले, "साखर थोडी कमी चालेल." ती आमच्या चाळीतल्या समितीची पहिली बैठक.

भांडणं संपली होती असं मात्र नाही. १९५६ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात हंगेरीत उठाव झाला, रशियाचे रणगाडे बुडापेस्टमध्ये शिरले. मास्तर संतापून आले. आबा बचाव करत राहिले, पण त्यांचा आवाज नेहमीसारखा चढला नाही. पंधरा दिवस चहा बंद. त्याच १ नोव्हेंबरला द्विभाषिक मुंबई राज्य अस्तित्वात आलं, यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री झाले. निवडणूक तीन-चार महिन्यांवर. चहा पुन्हा सुरू करावाच लागला.

मग ६ डिसेंबर आला. बाबासाहेब दिल्लीत गेले. ७ तारखेला दादरच्या चौपाटीवर अंत्यविधी झाला. अंत्ययात्रेला इतकी माणसं होती की गिरण्यांच्या पाळ्या बसल्यातच जमा. आबा गेले होते. सांगून गेले नाहीत. रात्री उशिरा आले, अंघोळ केली आणि न जेवता झोपले. आजीने विचारलं नाही.

बाबासाहेबांनी १९४८ मध्येच भाषावार प्रांतांसाठी नेमलेल्या दार कमिशनपुढे मुंबई महाराष्ट्राची असं स्वच्छ मांडलं होतं. पुढे त्यांची मतं बदलत गेली, १९५५ मध्ये तर मुंबईचं वेगळं नगरराज्य करावं असंही त्यांनी सुचवलं. पण त्यांचं फेडरेशन समितीत आलं, आणि ते गेल्यावरही राहिलं. कार्यकर्त्यांना वाटलं असतं तर १९५२ चं उट्टं काढायला मुहूर्त चांगला होता. त्यांनी तसं केलं नाही. फेडरेशनच्या दादासाहेब गायकवाडांच्या मोठेपणाची आपल्याकडे म्हणावी तशी दखल घेतली गेली नाही, असं मला नेहमी वाटतं.

समितीचं स्वतःचं चिन्ह नव्हतं. प्रत्येक पक्ष आपापल्या चिन्हावर. ज्याचा जिथे जोर, तिथे त्याला जागा: सातारा, कोल्हापूर, कुलाब्यात शेकाप, पुण्यात आणि तळकोकणात प्रजासमाजवाद्यांची झोपडी, गिरणगावात विळा-कणीस. पुण्याच्या समाजवाद्याची मुंबईत बदली झाली तर त्याला झोपडी शोधून सापडायची नाही. आज पोस्टर, रील, व्हॉट्सॲप असूनही आघाडीतल्या एका पक्षाचं मत दुसऱ्याला जाता जात नाही. तेव्हा निम्म्याहून जास्त मतदारांना वाचता येत नव्हतं.

आमच्या चाळीत मास्तरांनी युक्ती काढली. डालड्याचे रिकामे डबे गोळा केले. त्यांच्यावर कागद चिकटवून चित्रं काढली: विळा-कणीस, हत्ती, काँग्रेसची बैलजोडी. गॅलरीच्या टोकाला साडीचा पडदा लावून डबे आत मांडले आणि संध्याकाळी बायकांना रांगेत उभं करून तालीम घेतली. वहीची पानं फाडून मतपत्रिका. पडद्याआड जायचं, एक कोयत्यात, एक हत्तीत, बाहेर यायचं. मग मास्तर डबे पालथे करून मोजत. पहिल्या दिवशी हत्तीच्या डब्यात आठ कागद कमी निघाले.

कुणाचे ते सगळ्यांना ठाऊक होतं. म्हणजे नेमकं नाव नव्हे, पण कारण. 'मराठी राज्य पायजे, पन हत्तीला कशाला?' हे कुजबुजत का होईना बोललं जात होतं. आबांनी गॅलरीत उभं राहून भाषण केलं. आयुष्यात त्यांनी केलेलं ते एकुलतं एक. काय बोलले ते आजीला शब्दशः आठवत नसे. एवढंच आठवे की ते धड बोलू शकले नाहीत आणि शेवटी स्वतःच पडद्याआड जाऊन सगळ्यांच्या देखत हत्तीच्या डब्यावर हात आपटून आले. दुसऱ्या दिवशी कागद तीनच कमी निघाले.

आणि बघा, मास्तरांचं स्वतःचं झोपडीचं चिन्ह त्या डब्यांत नव्हतंच. हा माणूस आयुष्यभर ज्यांच्याशी भांडला त्यांचा कोयता खडूने रंगवत बसला होता.

मतदान झालं. आजीने दोन्ही कागद सांगितले तिथे टाकले. मी तिला मोठेपणी एकदा सरळ विचारलं होतं, हत्तीच्या पेटीत टाकताना मनात काय होतं? ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "बाबासायेब गेलं व्हतं. त्येंचा एक कागूद आमच्याकडं ऱ्हायला व्हता."

निकाल मास्तरांनी वहीत उतरवून घेतले होते. ३९६ जागांच्या मुंबई विधानसभेत काँग्रेस २३४. प्रजासमाजवादी ३६, शेकाप ३१, कम्युनिस्ट १३, फेडरेशन १३, जनसंघ ४, अपक्ष ६५. म्हणजे राज्य काँग्रेसचंच राहिलं. गुजरात, सौराष्ट्र, विदर्भ, मराठवाडा यांच्या जोरावर. गुजरातेतही वेगळ्या गुजरातसाठी लढणाऱ्या इंदुलाल याज्ञिकांच्या महागुजरात जनता परिषदेने काँग्रेसला घाम फोडला होताच. पण पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसचं जे झालं त्याला मराठीत एकच शब्द आहे, पानिपत. पुण्यात काकासाहेब गाडगीळांसारख्या मातब्बर माणसाला नानासाहेब गोऱ्यांनी पाडलं. राजापुरातून नाथ पै. साताऱ्यातून क्रांतिसिंह नाना पाटील, कम्युनिस्ट म्हणून. नाशिकमधून दादासाहेब गायकवाड. खुद्द मुख्यमंत्री यशवंतराव कराडमध्ये शेकापच्या केशवराव पवारांसमोर जेमतेम तरले. आबांच्या गावाकडून पत्र आलं होतं, त्यात निकालापेक्षा 'साहेब वाचले' हीच बातमी मोठी होती. वाचल्याचा आनंद की हळहळ, ते पत्रावरून कळत नव्हतं. आमच्याकडे दोन्ही एकदम होऊ शकतं.

मुंबईत मात्र सगळं समितीचं झालं नाही. लोकसभेच्या चार जागांपैकी दोन काँग्रेसला गेल्या, स. का. पाटील आणि कृष्ण मेनन. दोन समितीला, डांगे आणि माने, एकाच मतदारसंघातून. पाच वर्षांपूर्वी ज्या गिरणगावाने दुसरा कागद कुजवला त्याने तो या वेळी टाकला. मला विचाराल तर १९५७ चा खरा निकाल हा. २३४ वगैरे नंतर.

त्याच वर्षी मुंबई महापालिकाही समितीकडे आली. महापौरांची नावं नुसती ओळीने वाचा. शिक्षणक्षेत्रातले मो. वा. दोंदे, मग कम्युनिस्ट शांताराम मिरजकर, म्हणजे इंग्रजांनी कम्युनिस्टांवर भरलेल्या मीरत कटाच्या खटल्यातला आरोपी या शहराचा प्रथम नागरिक, आणि मग रिपब्लिकन पक्षाचे पी. टी. बोराळे. फेडरेशन बरखास्त होऊन ऑक्टोबर १९५७ मध्ये रिपब्लिकन पक्ष झाला होता. आळीपाळीने महापौर ही कल्पना कागदावर सगळ्या आघाड्यांची असते. या लोकांनी ती पाळली.

३० नोव्हेंबर १९५७ ला नेहरू प्रतापगडावर शिवाजी महाराजांच्या पुतळ्याचं अनावरण करायला आले, तेव्हा वाईपासून पसरणी घाटात रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी काळे झेंडे घेऊन माणसं उभी होती. आजीचा धाकटा भाऊ त्यात होता. त्याच्याकडे काळं कापड नव्हतं म्हणून छत्री उघडून उभा राहिला. ही गोष्ट दर दिवाळीला ऐकायला मिळायची आणि दर दिवाळीला छत्री मोठी व्हायची.

मग फुटलं कसं? लोक म्हणतात, राज्य मिळालं, काम संपलं, समिती संपली. इतकं सरळ नव्हतं. १९५७ मध्येच केरळात नंबुद्रीपादांचं कम्युनिस्ट मंत्रिमंडळ आलं होतं. १९५९ मध्ये ते पाडण्यासाठी जे आंदोलन झालं त्यात काँग्रेसच्या खांद्याला खांदा लावून कोण होतं? प्रजासमाजवादी. जुलैअखेर मंत्रिमंडळ बरखास्त झालं आणि १९६० च्या फेब्रुवारीत प्रजासमाजवादी पट्टम थाणू पिल्लै काँग्रेसच्या पाठिंब्याने तिथले मुख्यमंत्री झाले. म्हणजे मुंबईत एका बाकावर आणि त्रिवेंद्रममध्ये एकमेकांच्या उरावर. त्यात मार्च १९५९ मध्ये तिबेट झालं, दलाई लामा भारतात आले, सीमेवर चकमकी झडू लागल्या. चीनबद्दल कम्युनिस्टांची जीभ अडखळत होती आणि समाजवादी दर सभेत तेच विचारत होते. आबा आणि मास्तर यांच्यात साखर पुन्हा जास्त झाली. १९५९ च्या शेवटी काँग्रेसने द्विभाषिक मोडायचं ठरवलं तेव्हा प्रजासमाजवाद्यांना बाहेर पडायला दार उघडं मिळालं. बेळगाव-कारवार राहिलंय, म्हणून समिती चालू ठेवा, असं बाकीचे म्हणत होते. तेही खोटं नव्हतं. बेळगावात एकीकरण समिती पुढे कित्येक वर्षं आमदार निवडून देत राहिली.

दुसरीकडे यशवंतरावांनी बेरीज मांडली होती. शेकापचा गाभा म्हणजे सातारा-कोल्हापूर-सोलापूरचा बहुजन शेतकरी. त्याला ते म्हणाले, राज्य आलं, आता भांडण कशाचं? सहकारी कारखाने, मग १९६२ पासून जिल्हा परिषदा, म्हणजे पद, पैसा आणि काम, तिन्ही. १९५७ मध्ये कराडहून शेकापतर्फे लोकसभेत गेलेले दाजीसाहेब चव्हाण १९६२ ला तिथूनच गेले, काँग्रेसतर्फे. यशवंतराव मोहितेही तिकडेच गेले. बारामतीत तर तिथले खासदार केशवराव जेधे वारल्यावर १९६० मध्ये पोटनिवडणूक लागली तेव्हा शेकापचे उमेदवार होते वसंतराव पवार, आणि त्यांचा धाकटा भाऊ शरद काँग्रेसच्या प्रचारात. एका घरात दोन झेंडे ही बातमी आपल्याला आज नवी वाटते! सांगोल्यात गणपतराव देशमुखांसारखे काही मात्र हललेच नाहीत. १९६२ ला पहिल्यांदा निवडून आले आणि एकूण अकरा वेळा आमदार झाले, त्याच पक्षातून.

१९६२ मध्ये नव्या महाराष्ट्राची पहिली निवडणूक झाली. २६४ पैकी काँग्रेस २१५. शेकाप १५, प्रजासमाजवादी ९, कम्युनिस्ट ६, रिपब्लिकन ३. ज्यांनी राज्य आणलं ते सगळे मिळून तेहतीस. डांगेही त्या वेळी लोकसभेत गेले नाहीत. मास्तरांनी हे आकडे वहीत लिहिले होते की नाही मला ठाऊक नाही. तोवर ते ठाण्याला राहायला गेले होते.

त्या मतदानाला आई आणि आजी बरोबर गेल्या होत्या. आई बावीस वर्षांची, मतदानाची तिची पहिलीच वेळ, आणि माझ्या वेळची सात महिन्यांची पोटुशी. द्विसदस्य मतदारसंघ १९६१ च्या कायद्याने बंद झाले होते आणि वेगवेगळ्या पेट्याही गेल्या होत्या. आता सगळी चिन्हं एकाच कागदावर, शिक्का मारायचा, घडी घालायची, एकाच पेटीत टाकायचं. एक कागद विधानसभेचा, एक लोकसभेचा. आईला वाटलं सासूबाई आडोशाला गेल्या त्या येतायत का नाही. बऱ्याच वेळाने आजी बाहेर आली, पेटीत कागद टाकले आणि टेबलाशी बसलेल्या अधिकाऱ्यापुढे हात पसरून उभी राहिली. मागे रांग खोळंबलेली.

"आजी, झालं तुमचं. चला पुढे."

"झालं कसं? तिसरा कागूद द्या की."

आईने तिचा दंड धरून तिला बाहेर आणलं. चाळीपर्यंत ती एक शब्द बोलली नाही, असं आई सांगते.